देवगडला उतरायचं नाही

शेवंती ते बोलली तेव्हा बाबुकाकांच्या हातात वडा होता, आणि तो हातातच राहिला. कोंबडी-वड्याच्या जेवणात बाबुकाकांचा हात मध्येच थांबायचा प्रसंग परबांच्या घरात याआधी एकदाच आला होता. तेव्हा खाली लालबागच्या नाक्यावर अश्रुधूर सुटला होता आणि घरात सगळ्यांचेच डोळे गळत होते. पण त्या दिवशीही काकांनी तांब्याभर पाणी पिऊन पुन्हा सुरुवात केली होती. आज ते वडा धरून नुसते बघत बसले.

"काय म्हणालंस गो?"

"यंदा मी बोटीन येतलंय, पण देवगडाक उतरणा नाय," शेवंती म्हणाली. रस्सा वाढणारा हात तिने थांबवला नाही. "बोटीतच बसतलंय. बोट वेंगुर्ल्याक जाता, थंयसून माघारी येता. तशीच पोरांक घेवन परत येतलंय."

"मगे उतरतलंस खंय?"

"भाऊच्या धक्क्यार."

"म्हणजे जंयसून चढलंस, थंयच?"

"व्हय."

बाबुकाकांनी वडा ताटात ठेवला. आयुष्यभर गिरणीत जॉबरकी, म्हणजे कामगारांवर मुकादमी, केलेला माणूस. भोंग्याला गिरणीच्या फाटकातून आत जावं, आत नुसतं बसावं आणि सुटीच्या भोंग्याला बाहेर यावं, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा जसा झाला असता, तसा झाला.

दर वर्षी पावसाने बोटी बंद होण्याआधी गावाला जायचं, आणि जायच्या आधी एका रविवारी लालबागच्या या खोलीत जमून बेत पक्का करायचा, ही परबांची रीत होती. जमणारी माणसं ठरलेली. खोलीचे धनी गुणाजी आणि शेवंती, त्यांचा शिवा आणि धाकटी चंपा. गिरगावातून यायचे गुणाजीचे थोरले भाऊ रघुवीर, कचेरीतले हेडक्लार्क, त्यांची पत्नी बकुळा आणि त्यांचा हेरंब. आणि त्याच चाळीत तळमजल्याला राहणारे चुलते बाबुकाका, जे मुंबईत राहून गावच्या देवाची, मानाची आणि गाऱ्हाण्याची राखण करीत. गावाकडे होत्या एकट्या गंगुबाई. रघुवीर-गुणाजीची आई.

बकुळा खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसली होती. ती हसली. तिचं हसणं शिकलेलं होतं. दात दिसायचे नाहीत, पण समोरच्याला आपलेच दात दिसताहेत असं वाटायचं.

"अगं शेवंती, बोट ही काय सुट्टी घालवायची जागा आहे? बोटीत माणसं कुठेतरी पोचायला बसतात. सुट्टीला थंड हवेच्या ठिकाणी जावं. आम्ही नाही का महाबळेश्वरला जात?"

"विलायतेक जातत ते बोटीर मजा करतत म्हणे, जाऊबाई. तुमीच सांगलेलात."

"ते निराळं! आमचा मामेभाऊ गेला त्या बोटीवर बँड होता, वाचनालय होतं, रोज संध्याकाळी कपडे बदलून जेवायला जायचं. ती बोट. आणि ही तुमची आगबोट. वळकट्या, कोंबड्या आणि सुक्या बांगड्याच्या टोपल्या! लेकुरवाळ्या बाईने त्यात हवा खायला जायचं म्हणजे... काय बाई म्हणू?"

"पाणी ताच ना पण?" शेवंती म्हणाली.

गुणाजी ताटात बघून हसला. रघुवीर भावजींनी हसू आवरून घसा साफ केला. बकुळाने पदर नीट केला, म्हणजे तिला लागलं होतं.

खरं सांगायचं तर गावाला जाण्याबद्दल बोलायचा बकुळाला फारसा अधिकार नव्हता. लग्नानंतर एकदा ती बोटीने गेली, आणि पुढच्या वर्षीपासून 'हेरंबला बोट लागते' हे कारण तिला सापडलं. पोराला उलट्या होतात म्हटल्यावर कुठली आजी आग्रह करील? त्या एका वाक्यावर बकुळा वर्षानुवर्षं महाबळेश्वरला जात आली आणि तिच्या वाटचे फणस, तिच्या वाटचं शेण आणि तिच्या वाटचं पाणी शेवंतीकडे आलं. शेवंतीला याचा राग येत नसे असं नाही. पण रागापेक्षा तिला बकुळाच्या हुशारीचं कौतुकच जास्त वाटे. आपली पोरं मेली धडधाकट निघाली. भर समुद्रात सुका बांगडा मागून खाणारी.

आता ती धडधाकट पोरं आणि हेरंब कॉटखाली बसून कानात काहीतरी बोलत होती. एकदम तिघंही बाहेर आली. पुढे शिवा, मागे हेरंब, आणि त्याच्या शर्टाचं टोक धरून चंपा.

"बोट!" शिवा ओरडला.

"झालीच पाहिजे!" हेरंब आणि चंपा ओरडली.

त्या दिवसांत मुंबईतल्या पोरांना दुसरी भाषाच येत नव्हती. शाळेला सुट्टी, आईने लाडू, बापाने पाटी, सगळं 'झालंच पाहिजे' होतं. मोठ्यांनी मोर्च्यात शिकलेला शब्द मोठ्यांवरच उलटला होता.

"हेरंब, तुला बोट लागते," बकुळा म्हणाली.

"लागू दे! मला बोट लागू दे! लागलीच पाहिजे!"

रघुवीर भावजींनी संधी साधली. महाबळेश्वरचा साहेबांचा बंगला यंदा मिळत नव्हता, हे त्यांना बायकोला सांगायचं होतं आणि कसं सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. "मी म्हणतो, वरच्या क्लासची तिकिटं काढू," ते हळूच म्हणाले. "आईलाही बरं वाटेल." खुर्चीवरून बकुळाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी उरलेलं वाक्य भाताबरोबर गिळलं. पण तिकिटं निघणार, हे सगळ्यांना कळलं.

शेवंतीचं मात्र ठरायचं राहिलं. बाबुकाका हात धुऊन आले आणि कॉटवर बसले.

"हे बघ. गावची सून बंदरापर्यंत येवन उतरली नाय, असा आजपर्यंत झाला नाय. लोक तोंडात शेण घालतले. देवाक काय सांगूचा? आणि गंगावयनीक कोण सांगतलो?"

शेवंतीने त्यांचं ताट उचललं. गंगावयनी म्हणजे तिच्या सासूबाई, आणि त्यांच्यापुढे ती लग्न झाल्यापासून एकदाही नाही म्हणाली नव्हती.

हे वेड तिच्या डोक्यात शिरलं ते मागल्या मे महिन्यात. महिनाभर गावाला राबून ती परतीच्या बोटीत बसली होती. पोरं झोपली होती, गुणाजी पत्ते खेळत होता. आणि तिच्या एकदम लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला कुणी हाक मारलेली नाही. नळ नाही, की तो जाईल. चूल नाही, की ती विझेल. दार नाही, की कुणी पाहुणा ते वाजवील. चहूकडे पाणी, आणि त्यातला एक थेंबही आपल्याला भरायचा नाही! तिला इतकं हलकं वाटलं, की ती घाबरलीच. मग भाऊचा धक्का आला, ट्रंक डोक्यावर आली आणि ते सुख जे गेलं ते गेलंच. लोक गावाला जाण्याला सुट्टी म्हणत. तिची सुट्टी वाटेत होती, आणि ती दर वर्षी त्यातून उतरून जात होती.

जेवणं झाल्यावर गुणाजी तिच्याजवळ गॅलरीत येऊन उभा राहिला.

"बोललंस खरी," तो म्हणाला. "मनापासून बोललंस?"

"व्हय."

"मी आडवो येणा नाय. तू बस बोटीत, मी एकटो उतरतंय. पण आये समोर उभी ऱ्हवली तर माजी जीभ उचलाची नाय, आताच सांगान ठेवतंय."

"माका म्हायत असा," शेवंती म्हणाली. त्याची जीभ आईसमोर कधीच उचलली नव्हती. पण हे आधी सांगायची हिंमत त्याला झाली, म्हणून तिला तो त्या क्षणी फार आवडला.

बाबुकाकांनी मात्र आपलं काम केलं. वाडीतला गणपत आधीच्या बोटीने गावाला जात होता. त्याच्याजवळ त्यांनी गंगुबाईंना निरोप धाडला, की सुनेच्या डोक्यात वारं शिरलं आहे, तिला उतरवून घ्यायला बंदरावर या.

*

भाऊच्या धक्क्यावर बोटीचा दरवाजा उघडला, की खालच्या डेकवर पथारी पसरण्याची जी झुंज होई, तिच्यात परबांचा हात कुणी धरला नसता. गुणाजीने गर्दीवरून चटई फेकली, बाबुकाका तिच्यावर आडवे झाले, आणि जागा झाली. वाफेच्या आणि इंजिनाच्या धगीपासून लांब, कठड्याजवळ. रघुवीर, बकुळा आणि हेरंब लोखंडी जिना चढून वरच्या क्लासला गेले. बकुळाने जाताना नाकाला रुमाल लावला होता. जिन्यावरून तिने मागे वळून पाहिलं, आणि शेवंतीला वाटलं, की विलायतेला निघालेली बाई अशीच बघत असणार.

बोट सुटली. पाववाल्या बायका, बटाट्याची पोती, कुणाचा तरी पिंजऱ्यातला पोपट आणि भजन म्हणणारी गिरणीतली पोरं, या सगळ्यांत शेवंती बसली आणि तिने काही केलं नाही. चहावाला आला. तिने चहा घेतला. दुसऱ्याने केलेला, साखर जास्त झालेला, थोडा खारट वाऱ्याचा चहा. पिऊन झाल्यावर कप विसळायला ती उठली, तेव्हा चहावाल्याने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"बस गे बाय. ता माजा काम."

एवढ्याशा बोलण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिचं तिलाच हसू आलं.

हेरंब थोड्याच वेळात खाली आला. वर खेळायला कुणी नव्हतं. त्याने शिवाबरोबर पोपटाला 'झालाच पाहिजे' शिकवायचा प्रयत्न केला, बाबुकाकांच्या पोटावर बसून अख्खा सुका बांगडा चपातीशी खाल्ला आणि आणखी मागितला. बोट त्याला कुठेच लागली नाही. जयगडच्या पुढे समुद्र जरा खवळला, तेव्हा डेकवरची निम्मी माणसं आडवी झाली आणि बाबुकाकांनी डोळे मिटून रामेश्वराचा धावा केला, पण हेरंब 'आणखी हल! आणखी हल!' म्हणून बोटीलाच आज्ञा देत होता.

त्याला शोधत बकुळा जिना उतरून आली. हातात रुमाल नव्हता.

"तिथे वारा फार आहे," ती म्हणाली आणि पथारीच्या कडेला, साडी सावरत, अवघडून बसली.

शेवंतीने सुपारी पुढे केली. बकुळाने ती अडकित्त्यात धरली. मग तिच्याने राहवेना.

"वर आमच्या शेजारी दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एक बाई आहेत. डॉक्टरीणबाई. मला विचारतात, कुठे राहता? म्हटलं, गिरगावात. तर म्हणतात, अय्या, अजून राहतात का माणसं तिथे? मी म्हटलं, दर वर्षी आम्ही महाबळेश्वरला असतो. तर म्हणतात, आम्ही हल्ली जात नाही, तिथे फार कारकून मंडळी येतात!"

शेवंतीने तोंडावर पदर धरला. पण हसू पदरात मावेना.

"हस, हस तू."

"तुमका नाय हसणंय, जाऊबाई. माका वाटला, बोटीक दोनच मजले असत. हंय जिनो संपणाच नाय!"

बकुळा आधी रागावली, आणि मग दात दिसतील अशी हसली. शेवंतीने तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. सुपारी कातरता कातरता बकुळा म्हणाली, "ए, खरंच नाही उतरणार तू?"

"नाय."

"सासूबाई आल्या तर?"

रत्नागिरी गेली, मुसाकाझी गेलं, विजयदुर्ग गेला. एकेक बंदर मागे पडे, आणि शेवंती सासूबाईंना काय सांगायचं ते घोकी. ती मनात वाक्यं जुळवी आणि मोडी.

*

सकाळी देवगडचा किल्ला दिसला. धक्का नसल्यामुळे बोट लांबच नांगर टाकून उभी राहिली आणि किनाऱ्यावरून पडाव निघाले. उतरणाऱ्यांची एकच धांदल उडाली. आणि सगळ्यांत पुढच्या पडावात, त्याच्या पुढच्या टोकावर हात ठेवून, कासोट्याचं लुगडं नेसलेली एक म्हातारी ताठ उभी होती.

"इली," बाबुकाका समाधानाने म्हणाले.

गुणाजीने शेवंतीकडे पाहिलं आणि मग आपल्या पायांकडे पाहिलं. जीभ उचलणार नव्हती, हे त्याने आधीच सांगितलं होतं.

पडाव बोटीला टेकला. खलाशी "आजये, थांब, थांब" म्हणेपर्यंत गंगुबाई शिडी चढून डेकवर आल्या. अनवाणी, धापा टाकत, डोक्यावरचा पदर सावरत. पोरं "आजी!" करून त्यांना बिलगली. त्यांनी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं मोडली, हेरंबच्या गालाला हात लावून "ह्याका बोट लागाक नाय?" असं विचारलं, बकुळाने मान खाली घातली, आणि मग त्या उभ्या राहिल्या.

"खंय असा ती?"

शेवंती पुढे झाली, पाया पडली. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तिला आठवेना.

गंगुबाई काही बोलणार, एवढ्यात बाबुकाकांनी टोपी काढून कनवटीला खोचली, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि हात जोडले. घरातला पेच माणसांच्या बोलण्याने सुटणार नाही असं दिसलं, की ते देवाला मध्ये घालत. त्यांचा खडा आवाज डेकभर गेला.

"बा देवा रामेश्वरा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा डेक म्हणाला.

यात कुणाचा दोष नव्हता. खालच्या डेकवरची निम्मी माणसं देवगडची, उरलेली मालवण-वेंगुर्ल्याची. गाऱ्हाणं कानावर पडलं, की ते कुणाचं आणि कशाबद्दल हे विचारायच्या आधीच त्यांच्या तोंडातून होकार बाहेर पडतो. ट्रंक उचललेल्यांनी ट्रंका खाली ठेवल्या.

"ही आमची सून, गुणाजीची बायल. हिच्या डोक्यात काय वारा शिरला हा, ती उंबऱ्यापर्यंत येवन उंबरो चढणा नाय म्हणता, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका सुबुद्धी दी, आणि तिका सुखरूप पडावात बसव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अख्खी बोट आपल्याला पडावात बसवायला निघाली आहे, असं शेवंतीला वाटलं. ज्यांना तिचं नावही माहीत नव्हतं ती माणसं हात जोडून तिची बुद्धी मागत होती. वरच्या क्लासच्या कठड्यावरून डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. तिला रडू आलं, आणि रडण्याच्या आधी राग आला. देवाकडे काय एकट्या पुरुषांचीच वहिवाट आहे?

बाईने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. घातलं तर काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी घातलंच नव्हतं. तिने चंपाला बाजूला उभं केलं, पदर खोचला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

आवाज चिरका निघाला. डेक गप्प. सवयीने तोंडं उघडलेल्या पुरुषांनी ती तशीच मिटली. बाबुकाकांची टोपी कनवटीतून खाली पडली.

"व्हय म्हाराजा!" शिवा ओरडला. त्याला फरक कळत नव्हता.

"झालाच पाहिजे!" हेरंबने जोड दिली. कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याने शेवंतीचा घसा मोकळा झाला.

"मी दर वर्सा तुज्या पायाकडे येतंय, म्हाराजा. मुंबयत नळाचा पाणी भरतंय, गावाक इलंय की बावचा शेंदून भरतंय."

"व्हय म्हाराजा," पोपटवाली बाई म्हणाली.

"थंय स्टोव पेटवतंय, हंय चूल पेटवतंय. थंय चार माणसांचा रांधतंय, हंय पावण्यांसकट विसांचा."

"व्हय म्हाराजा!" आता बऱ्याच बायका होत्या.

"घोव माजो रजेर येता. मी दुसऱ्या पाळयेर येतंय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी भजनवाली गिरणीतली पोरंसुद्धा म्हणाली. दुसरी पाळी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"माका माजी माणसा नको झाली नाय. सासू माका वाईट नाय. पण सुनेची रजा म्हणान जी काय असता, ती खंय ठेवलंस ता माका दाखय. देवळात बघलंय, नाय. माहेराक बघलंय, नाय. ह्या बोटीर मात्र माका कोण हाक मारूक नाय, कोणी माज्या हातातलो कप काढून घेतलो. एवढो एकच फेरो माका दी. दुसरा काय मागणा नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा काही गजर झाला, की वरच्या क्लासचे लोक खुर्च्यांवरून उठले. त्या गजरात एक आवाज वेगळा, स्वच्छ, शाळेत कविता म्हणावी तसा उमटला, "होय महाराजा!" बकुळाचा होता. रघुवीर भावजींनी चष्मा काढला आणि पुसला.

मग पुन्हा शांत झालं, कारण एक जण अजून बोललेलं नव्हतं. सगळ्यांनी गंगुबाईंकडे पाहिलं. शेवंतीने पाहिलं नाही. ती हात जोडून उभी होती, डोळे मिटून.

गंगुबाईंनी हात जोडले. तोंड किनाऱ्याकडे केलं. सवयीने नाही, विचार करून, सावकाश त्या म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

खालून पडाववाला ओरडला, "आटपा! आटपा!"

"गुणाजी," गंगुबाई वळल्या. "परड्यात फणस पडले हत. ते फोडून गरे काढून ठेव. म्हशीक पाणी दाखय. रघुवीरा, तू बावीर जा. सवय नाय तर व्हयत."

"आणि आये तू?"

"बोट परती येताना मी उतरतंय. बाबुभावजी, तुमी चूल सांबाळा. वारो शिरलो माज्या डोक्यात."

बाबुकाकांनी आकाशाकडे पाहिलं. पण गाऱ्हाणं त्यांनीच सुरू केलं होतं, आणि देवाने ते कुणाच्या बाजूने ऐकलं याला आता इलाज नव्हता. बकुळाला रघुवीरांनी खुणेने विचारलं. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हेरंबला पडाव लागतो."

तीन पुरुष पडावात उतरले. ट्रंकेवर बाबुकाका, मधे रघुवीर भावजी कोट सांभाळत, आणि टोकाला गुणाजी. तो शेवंतीकडे बघून, आई बघत नाही असं पाहून, हळूच हसला.

शिट्टी झाली. बोट हलली. गंगुबाईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला. त्यांनी फळ्यांना पाय लावून पाहिलं, वर धुराड्याकडे पाहिलं, खाली पाण्याकडे पाहिलं.

"ह्येच बोटीन माजो घोव न्हेलो," त्या म्हणाल्या. "मगे दोनय झील न्हेले. पण भितूरसून कशी असता, ता बघूक नव्हता."

शेवंती त्यांच्याजवळ उभी राहिली. सासूच्या इतकं जवळ, हातात काही काम नसताना, ती पहिल्यांदाच उभी होती. पडाव वाळूला लागला असावा. माडांची एक हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरी रेघ, आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही.

"उतरले काय गो ते? खंय असत?"

"थंयच असतले. तुमका निरोप देवक उभे ऱ्हवले असतले."

गंगुबाईंनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"दिसणत नाय."

"नाय, आई. हयसून माणूस दिसणा नाय."

"म्हणजे मी थंय उभी ऱ्हवान हात हालवी..." त्या थांबल्या. "तुजो सासरो जाय तेव्हापासून हालवतंय. बोट किल्ल्याआड जाय, तवसर हात खाली करी नाय. ता कोणाक...?"

शेवंतीला खोटं सांगता आलं असतं. लुगड्याचा रंग दिसायचा, असं म्हणता आलं असतं. पण आज तिला ते जमेना.

"कोणाक दिसाक नाय, आई."

गंगुबाईंनी पदर तोंडावर घेतला. शेवंतीला वाटलं, आपण चुकलो, आता या रडतील. पण त्यांचे खांदे हलू लागले, आणि पदराआडून हसू फुटलं, असं की पोरं धावत आली.

"अरे देवा म्हाराजा! आणि माजो हात दुखा, तेल लावन झोपा मी!"

हसता हसता त्यांनी डोळे पुसले. किनाऱ्याकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं.

"हालवूदेत आता ते," म्हणाल्या, आणि पाठ फिरवली.